चपलेवाला फौजदार, भाग दुसरा

जुन्या गाजलेल्या हाणामारीच्या विनोदी सिनेमांचे दुसरे भाग तीस-चाळीस वर्षांनी काढतात, ते बघावेत का, असं लोक मला विचारतात. मी या धंद्यात जन्म काढला म्हणून विचारतात. मी सरळ सांगते, बघू नका. घरी बसा, पाय शेका, मासे पाळा. ज्या नटाला खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, त्याने गॅलरीतून उडी मारलेली बघून तुम्हाला काय मिळणार आहे डोंबल? आणि उडी त्याने मारलेली नसतेच, कुणीतरी पंचविशीतला पोरगा पाठमोरा मारतो. तरी लोक जातात. त्यांना सिनेमा बघायचाच नसतो. पहिला भाग पाहिला तेव्हा आपण केवढे होतो, शेजारी कोण बसलं होतं, ते बघायचं असतं. त्याला माझी ना नाही. पण अशाच एका दुसऱ्या भागापायी आमच्या केईचा गळा गेला, म्हणून मला राग येतो आणि मी तो लपवत नाही.

मी युक-पिंग. धंद्यातले सगळे पिंगताई म्हणतात. आमचं काम डबिंगचं. त्या काळी हाँगकाँगात शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत. डोक्यावरून विमानं घरघरत जायची, खाली मासळीवाल्यांचा आरडाओरडा, त्यात कोण आवाज घेणार? नट नुसतं तोंड हलवायचे. संवाद पाठ नसला तर एक ते दहा आकडे म्हणायचे. मग आम्ही क्वुन तोंगच्या एका कारखान्याच्या इमारतीत, काळोख्या खोलीत, एका माईकभोवती पाचजण दाटीवाटीने उभे राहून त्या तोंडांत शब्द घालायचो. नायिका मी, तिची सासू मी, आणि वेळ पडली तर घरातला कुत्राही मीच.

आणि नट चिम पाक-लोईचा आवाज म्हणजे आमचा कुओक केई-सुन. चिम म्हणजे सगळ्या गावाचा पाकभाऊ. रबरी चपला घालून चोरांच्या मागे धावणारा, मार खाणारा, शेवटी चपलेनेच सगळ्यांना लोळवणारा फौजदार. ‘चपलेवाला फौजदार’ लागला तेव्हा थिएटरबाहेर चपलांचे ढीग विकायला बसले होते. चिमचं अंग रबराचं होतं, पण आवाज? बारीक, नाकातला, आणि बोलण्यात गावाकडचा असा हेल की फौजदार नव्हे, कोळंबी विकायला आलाय असं वाटावं. केईचा आवाज खर्जातला, जरा खट्याळ. तो आवाज त्या अंगाला असा बसला, जसा आईने शिवलेला अंगरखा.

केईची खुबी एक होती. मार बसला की तो लगेच ओरडायचा नाही. आम्हा नवशिक्यांना सांगायचा, “आधी बघायचं, आपल्याला खरंच लागलंय का. खात्री झाली की मग ओरडायचं.” पडद्यावर पाकभाऊच्या डोक्यात फळी बसायची, तो क्षणभर तसाच उभा, आणि मग, थोडं उशिरा, “आय्या”. त्या तेवढ्या उशिरावर अख्खं गाव हसायचं. लोकांना वाटायचं, पाकभाऊ काय अफलातून आहे. आम्ही काही बोलायचो नाही. कुणाचा आवाज कुणी दिला हे बाहेर बोलायचं नाही, असा आमच्यातला रिवाज होता. नटाची अब्रू आमच्या तोंडात असायची, आणि आम्ही ते गुपित गिळून टाकायचो.

केई तर कशावरच बोलायचा नाही. गळ्यावर पोट म्हणून गळा जपायचा. थंड पाणी नाही, तिखट नाही, वाऱ्यात मफलर, खिशात घशाच्या औषधाची काळी बाटली. आणि घरी बोलणं नाही. बायको फोंग विगच्या कारखान्यात कामाला होती. ती संध्याकाळी आली की हा मान हलवायचा. भात वाढ म्हणायचं तर वाटी जेवायच्या काडीने वाजवायचा, नको म्हणायचं तर हात वाटीवर ठेवायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात कुणाला ओरडायचाही प्रश्न नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षी फोंगवहिनी मला हसत म्हणाली होती की, तुमच्याशी दिवसभर बोलतो आणि घरी माझ्यासमोर बैलासारखी मान हलवतो. पुढे पुढे ती हसायची बंद झाली. त्याचे सिनेमे तिने कधी पाहिले नाहीत. घरी मुका, तिथे दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो, त्यात काय बघायचं, असं तिचं म्हणणं. मी तिला दोष देत नाही. माझ्या नवऱ्याने असं केलं असतं तर मी वाटी त्याच्या डोक्यात घातली असती.

गेल्या वर्षी दुसरा भाग निघाला. सदतीस वर्षांनी. फौजदार आता म्हातारा, निवृत्त, बायको गेलेली, मुलगी कॅनडात, आणि जुने चोर तुरुंगातून सुटून आलेले. आता आवाज जागच्या जागीच घेतात, त्यामुळे चिम पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने बोलला. तयार झाल्यावर कंपनीने शंभरेक लोकांना तो फुकट दाखवला. बाहेर पडताना लोकांची तोंडं पडलेली. हा पाकभाऊ नाही, म्हणाले. पाकभाऊचा आवाज असा नव्हता, म्हाताऱ्याला काय झालं, अर्धांग आलं का? कंपनीचं धाबं दणाणलं. नवीन वर्षाच्या सणाला सिनेमा लावायचा होता, आणि मुख्य माणूसच लोकांना ओळखू येईना.

मग त्यांनी मला शोधून काढलं आणि माझ्यामार्फत केईला. केईच्या नेहमीच्या, तो-क्वा-वान भागातल्या चहाच्या हॉटेलात बैठक झाली. कंपनीचा एल्विन नावाचा तरुण मॅनेजर आला होता, आणि टोपी डोळ्यांपर्यंत ओढून स्वतः चिम. इतक्या वर्षांत चिम आणि केई कधी एका टेबलाला बसले नव्हते. चिमने दोन्ही हातांनी केईला चहा ओतून दिला. बाहत्तर वर्षांचा माणूस, थोडा चहा बशीत सांडला. तो म्हणाला, “केईदादा, माझ्या तोंडातून मीच बोलतोय हे लोकांना पटत नाही.” हे म्हणताना तो हसला नाही.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ते असं. आदल्याच आठवड्यात केईला दवाखान्यात सांगितलं होतं की घशात गाठ आहे. अन्ननलिका सुरू होते तिथे. आवाजाला अजून धक्का नव्हता, गिळताना तेवढं दुखायचं. पण कापायचं तर आवाजाची पेटी सगळीच काढायला लागणार होती. सरकारी दवाखान्यातली तारीख, लवकर मिळावी म्हणून डॉक्टरने शब्द टाकलेला. दहा दिवसांनी. ही सोडली तर पुढची महिन्यानंतर, आणि महिना फार मोठा आहे, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाला होता. केई त्या टेबलाशी हे सगळं पोटात ठेवून बसला होता. एल्विनला त्याने एवढंच विचारलं, किती काम आहे? शब्द चार-पाच दिवसांत होतील, एल्विन म्हणाला. केईने मान हलवली. शब्दांना कोण विचारतं, म्हणाला, मारामाऱ्या किती आहेत ते सांग.

संध्याकाळी फोंगवहिनीचा फोन आला. ये, आणि तुमच्या माणसाला शुद्धीवर आण, एवढंच बोलली. मी गेले. तेव्हा मला गाठीचं कळलं. केई खिडकीपाशी बसला होता, घशासाठी म्हणून भिजून फुगणाऱ्या बियांचं पाणी पीत. त्याने दवाखान्यात फोन करून तारीख महिनाभर पुढे ढकलली होती. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वेडा झालास का, त्या रबरी चपलांसाठी मरतोस का, ज्या सिनेमात तुझं नाव कधी आलं नाही त्याच्यासाठी? तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “पिंग, सदतीस वर्षं लोक माझ्या आवाजाला पाकभाऊ म्हणतात. आता पाकभाऊ स्वतः बोलला तर म्हणतात, हा तो नव्हे. मग पाकभाऊ कोण, सांग बघू?” 

फोंगवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती भांडली नाही, रडलीही नाही. तिने पदरचे पैसे मोजावेत तसे दिवस मोजून सांगितले.

“पहिल्या तारखेला अजून दहा दिवस आहेत,” ती म्हणाली. “दहा दिवस तुझा आवाज आहे, मग नाही. सिनेमाला नको देऊस. मला दे.”

केईने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विरघळेल. त्याने उठून तिच्या हातावर थोपटलं आणि म्हणाला, “महिन्याचं काम आहे. ऑपरेशनच्या चार दिवस आधीच संपवतो. ते चार दिवस तुझे. बसू बोलत.” त्याला खरंच असं वाटत होतं. आवाज म्हणजे तांदूळ, डब्याच्या तळाशी चार दिवसांचा उरेल. आयुष्यभर राखून राखून वापरला होता ना, त्याला वाटायचं, राखता येतो. फोंगवहिनी आत गेली आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसली.

काम सुरू झालं. देखरेखीला मला घेतलं होतं. एल्विनने नवा स्टुडिओ दिला होता, एअरकंडिशनर, मऊ भिंती, एकेका माणसाला वेगळा माईक. केईने एअरकंडिशनर बंद करायला लावला. शब्द खरंच पाच दिवसांत झाले, आणि काय झाले. डोळे मिटले की तिशीतला फौजदार खोलीत उभा. रेकॉर्डिंगवाला पोरगा काचेपलीकडे तोंड वासून बघत होता. मलासुद्धा क्षणभर वाटलं, केला तो निर्णय बरोबर केला.

मग मारामाऱ्या आल्या. पहिल्या भागात चिम स्वतः पडायचा, आपटायचा, त्याचा चेहरा दिसायचा, आवाजाला निम्मं काम उरायचं. आता सगळीकडे पाठमोरा पोरगा. ती पाठ पाकभाऊची आहे हे पटवायचं ते फक्त आवाजाने. दम लागणं, कण्हणं, फळी चुकवताना ‘हप्’, लाथ बसली की पोटातून निघणारी हवा, आणि ते उशिराचं आय्या. प्रत्येक गोष्ट दहा-दहा वेळा. केई जिथे दहा पुरेत तिथे पंधरा करायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याने पेज सोडून सगळं खाणं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात पेजेचाही घोट घेताना मान वाकडी करायचा. मी एल्विनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. एल्विन पांढरा पडला. वाईट नव्हता तो पोरगा. काका, उरलेलं आपण जुन्या सिनेमातून उचलू, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, असं म्हणत त्याने हात जोडले. केईने त्याला खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

शेवटची मारामारी मासळी बाजारातली. ती संपेपर्यंत फोंगवहिनीच्या चार दिवसांतले दोन खर्ची पडले होते. आवाज फाटायला लागला होता, पण शेवटचं आय्या त्याने असं दिलं की काचेपलीकडचा पोरगा हसला. रेकॉर्डिंगचा दिवा बंद झाला. केई भिंतीला टेकून उभा राहिला, छातीचा भाता नुसता. मी माईक बंद करू दिला नाही. आत गेले आणि म्हटलं, केई, आता चालू आहे, तुझ्या बायकोसाठी काहीतरी बोल. दोन वाक्यं. मी ती तिला नेऊन देते.

तो माईकसमोर उभा राहिला. पाय जरा फाकवून, एक हात कानामागे, सवयीप्रमाणे. समोरच्या पडद्याकडे बघत राहिला. पडदा पांढरा होता.  मग मान वळवून त्याने मला विचारलं, “कुणाच्या तोंडात?”

मी म्हटलं, कुणाच्या नाही, तुझ्याच. त्याने पुन्हा पडद्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. तोंड हलताना दिसल्याशिवाय, कुणी लिहून दिल्याशिवाय, त्या माणसाला बोलायचं काय हेच कळेना. शेवटी त्याने हात खाली सोडला, आणि घरी जाऊन बोलतो, दोन दिवस आहेत, असं घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोंगवहिनी त्याच्यासाठी भाताची पेज गाळत होती तेव्हा त्याचा श्वास अडकायला लागला. ओरडून ओरडून आतून सगळं सुजलं होतं. दवाखान्यात नेल्या नेल्या श्वासासाठी गळ्यात भोक पाडलं. आठवड्यानंतर मोठं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढली, आणि उघडल्यावर दिसलं की गाठ मानेत पसरलीय. महिन्याभरापूर्वी पसरली नव्हती, असं डॉक्टर म्हणाला. तो हे फोंगवहिनीला सांगत होता आणि ती त्याच्या कोटाच्या बटणांकडे बघत होती.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र देतात. ज्यांच्या भाषेत सगळी गंमत चढउतारात नसते त्यांना ते चालत असेल. आमच्यात स्वर जरा वर गेला की अर्थ पालटतो, आणि त्या यंत्राला एकच सूर, फ्रिजच्या घरघरीसारखा. केईने एकदा लावून बघितलं. फोंगवहिनीला काही कळलं नाही, ती तिसऱ्यांदा ‘काय?’ म्हणाली, तेव्हा त्याने ते खणात टाकलं. वहिनीला कबूल केलेले ते चार दिवस असे गेले.

सणाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि केई मोंग कोकमध्ये सिनेमाला गेलो. फोंगवहिनी आली नाही. केईने कोट घातला होता, गळ्यातल्या भोकावर पांढरं फडकं बांधलं होतं आणि त्यावर लाल मफलर, सण म्हणून. निम्मं थिएटर रिकामं. जे होते ते आमच्याच वयाचे, आणि त्यांनी ओढून आणलेली मुलं-सुना.

आता खरं सांगते. सिनेमा वाईट होता, ते ठीक, अपेक्षाच नव्हती. पण आवाज. तो थकलेला, डोळ्यांखाली पिशव्या आलेला चेहरा, आणि त्यातून तिशीतला खट्याळ गडी बोलतोय. अंगावर काटा आला. मेलेल्या माणसाच्या तोंडातून कुणी बोलावं तसं. स्टुडिओत डोळे मिटून ऐकताना जे इतकं सुंदर वाटलं होतं, ते डोळे उघडे ठेवून बघवत नव्हतं. आय्या आलं, बरोबर तेवढंच उशिरा आलं, आणि कुणी हसलं नाही. आमच्या मागे एक जोडपं बसलं होतं, चाळिशीचं. बाई कुजबुजली की आवाज कसा अगदी तसाच ठेवलाय. नवरा म्हणाला, कॉम्प्युटरने केलाय, हल्ली काहीही करता येतं, कळतंय ना लगेच, जिवंत नाही वाटत.

मी उठणार होते. देवाशपथ उठणार होते, आणि त्या बाप्याला नायिकेच्या आवाजात असं काही सुनावणार होते की त्याला पहिला भाग आठवला असता. केईने माझं मनगट धरलं. त्याचे खांदे हलत होते. रडतोय म्हणून बघितलं, तर हसत होता. हसण्याची हवा फडक्यातून फसफसत बाहेर येत होती, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून नाराजीने बघितलं.

पेपरांतही तेच आलं. बघावा का, तर बघू नये. पाकभाऊचा आवाज यंत्राने बनवून निर्मात्यांनी म्हाताऱ्याचा अपमान केला, वगैरे. टीव्हीवर चिमला कुणी विचारलं तेव्हा तो टोपी सारखी करत, हल्ली तंत्रज्ञान फार पुढे गेलंय, असं काहीतरी पुटपुटला. नेमक्या त्याच वेळी त्याच्याकडून खरं बोलवेना. मी त्याला मनात शिव्या घातल्या, पण सिनेमा बघून परतताना बस-स्टॉपवर केईने मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं होतं, ते मला विसरता येत नव्हतं. त्याने लिहिलं होतं, ‘चिमचाच आवाज ठेवायला हवा होता. म्हाताऱ्या तोंडाला म्हातारा आवाज. मी सिनेमा बिघडवला.’ मी नाही नाही म्हटलं. त्याने मोबाइल खिशात ठेवला. त्याला कळायचं ते कळलं होतं, धंद्यातलं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

एप्रिलमध्ये तो गेला. शेवटचे दिवस वाईट होते, त्यावर लिहीत नाही. चिमने मोठं पांढरं पुष्पचक्र पाठवलं, पट्टीवर नुसतं नाव, बाकी काही नाही.

जूनमध्ये फोंगवहिनीने मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर ती मोड आलेल्या मुगाची टोपली मांडीवर घेऊन शेपट्या खुडायला बसली आणि म्हणाली की भाचीने तो सिनेमा टीव्हीवर लावून दिलाय, बटण दाबलं की येतो. बघण्यासारखा आहे का गं? मी म्हटलं, नाही वहिनी. खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, तरी लाव. त्याचा आवाज कुठे आहे तेवढं दाखव, मला कळायचा नाही.

मला कळायचा नाही, असं बाई नवऱ्याच्या आवाजाबद्दल म्हणाली, अगदी साधेपणाने.

मी लावला. फौजदार चोरांना दम देत होता, मी म्हटलं, हा केई. तिने मान वर करून ऐकलं. हा होय, म्हणाली, परक्या माणसाची ओळख करून दिल्यासारखी. मारामारी आली, आय्या आलं, मी म्हटलं, हा पण केईच, यासाठी फार प्रसिद्ध होता. ती नुसती हुं म्हणाली आणि शेपट्या खुडत राहिली. मासळी बाजार आला. तिथे त्याने गळा दिला होता, म्हणून मी मान खाली घालून टोपलीतल्या मूठभर शेपट्या खुडायला घेतल्या. 

मग शेवटच्या जरा आधी तो प्रसंग येतो. फौजदार रात्री फोनवर कॅनडातल्या मुलीशी बोलतो. बारीक, घोगरा, थकलेला आवाज, मधेच थांबतो, शब्द शोधतो. “जेवलीस का?” विचारतो. “तिकडे थंडी फार असेल. जेवलीस का तू?”

फोंगवहिनीचे हात थांबले. टोपली मांडीवरून घसरली, तिने ती धरलीही नाही. डोळे भरून आले होते.

“हा बघ,” ती म्हणाली. “हा तो. आता ओळखला मी. हाच ना, पिंग?”

त्या एका प्रसंगाला आम्ही हात लावला नव्हता. चिमने स्टुडिओत येऊन केईला विनवलं होतं की एवढं माझं राहू द्या, माझी खरी पोरगी तिकडे आहे. केईने मान हलवली होती. अख्ख्या सिनेमात तेवढाच आवाज चिमचा स्वतःचा होता.

ती माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले, पण एक शब्द बोलायला इतका वेळ मला कधी लागला नाही.

“हो वहिनी,” मी म्हटलं. “तोच.”

तिने डोळे पुसले आणि तेवढंच परत लाव म्हणाली. मी मागे नेलं. चिमने त्याच्या त्या खऱ्या, नाकातल्या आवाजात पुन्हा विचारलं, जेवलीस का.

फोंगवहिनी टीव्हीकडे बघून म्हणाली, “जेवले. तू?”